यात्रा, विहिरी आणि दोन्यानाची पाणथळ

स्पेनच्या दक्षिणेला ग्वादलक्विवीर नदी अटलांटिकला मिळते, तिथे दोन्यानाचं राष्ट्रीय उद्यान आहे. सरकत्या वाळूच्या टेकड्या, पाइनची बनं आणि हिवाळी पावसाने भरणारी अफाट पाणथळ असा हा मुलूख. पाणथळीच्या ऐन काठावर एल रोसीओ हे गाव. एरवी वस्ती दीड-दोन हजार. गल्ल्यांत डांबर नाही, वाळू. घरांसमोर घोडे बांधायला आडवे लाकडी दांडे. ईस्टरनंतरच्या पेन्टेकॉस्ट या ख्रिस्ती सणाला मात्र इथल्या मारियामातेच्या दर्शनाला सुमारे दहा लाख माणसं लोटतात. कुणी पायी, कुणी घोड्यावर, कुणी बैलगाड्यांबरोबर, रानात मुक्काम करत करत.

एवढ्या नाजूक मुलखात एवढी मोठी यात्रा भरावी का, यावरून माझ्या परिचयातल्या दोघांचा वाद चालू आहे. सर वसईचे, मराठीचे निवृत्त शिक्षक, रविवारची मिस्सा न चुकवणारे. ती त्यांची विद्यार्थिनी. भूजलशास्त्र शिकली, काही वर्षं सेव्हिलला राहून दोन्यानाच्या पाण्यावर काम केलं. तिचं घर माळकऱ्यांचं, पण ती स्वतः देव मानत नाही. कुणालाही वाटेल की सर यात्रेची बाजू घेत असतील आणि ती विरोध करत असेल. प्रत्यक्षात उलट आहे. त्यांचं बोलणं शक्य तितकं त्यांच्याच शब्दांत देतोय. राहवलं नाही तिथे मध्ये बोललोय.

सर : मी तिथे भक्तिभावाने गेलो आणि खिन्न होऊन परतलो. आमच्या धर्मग्रामातली मंडळी पोर्तुगालमधल्या फातिमाच्या तीर्थाला गेली होती, तिथून सेव्हिल, आणि नेमका हा सण आला. चांदीने मढवलेल्या गाड्या, त्यांना जुंपलेले बैल, इथवर ठीक. पण त्यांच्या मागे ट्रॅक्टर, जीप, शीतपेट्या, शेरीच्या बाटल्या. रात्रभर गाणी. दुपारच्या उन्हात एक खेचर वाळूत गुडघे टेकून बसलं ते उठेना, आणि मालक लगाम ओढतोय. दरवर्षी अशी काही जनावरं दमून मरतात म्हणे. याला तीर्थयात्रा म्हणायचं?

ती : जनावरांबद्दल तुमचं बरोबरच आहे सर. त्याला उत्तर नाही, आणि मी देणारही नाही.

सर : आणि रान? मे-जूनचे दिवस. पक्ष्यांची अंडी-पिल्लं, लिंक्स या रानमांजराची बछडी दोन-तीन महिन्यांची. त्या रानातून हजारो माणसं आणि गाड्या जायच्या. आपल्याकडे एखाद्या अभयारण्यात हे झालं असतं तर तूच आधी ओरडली असतीस.

ती : ओरडले असते. मग आकडे पाहिले असते. आयबेरियन लिंक्स २००२ च्या सुमारास सगळ्या जगात शंभरही उरले नव्हते. २०२३ च्या गणनेत दोन हजारांवर गेले, आणि २०२४ मध्ये त्यांना ‘संकटग्रस्त’ यादीतून एक पायरी खाली, ‘असुरक्षित’ गटात आणलं. बंदिस्त प्रजननातली पहिली पिल्लं २००५ मध्ये जन्मली ती याच दोन्यानात, एल आसेबूचेच्या केंद्रात, रोसीओपासून थोड्याच अंतरावर. या सगळ्या काळात यात्रा चालूच होती. लिंक्सला मारलं ते सशांच्या रोगराईने, फासांनी आणि रस्त्यांवरच्या गाड्यांनी. यात्रा आठ-दहा दिवसांची असते. उरलेल्या तीनशे पंचावन्न दिवसांचं कोण बोलणार?

सर : म्हणजे तुझ्या विहिरी.

ती : हो. माझ्या विहिरी.

इथे वाचकांसाठी थोडं थांबायला हवं, कारण पुढचा सगळा वाद या विहिरींवर उभा आहे. दोन्यानाच्या उत्तरेला आणि पश्चिमेला वेल्वा प्रांतातली स्ट्रॉबेरीची शेती आहे. स्पेनची नव्वद टक्क्यांहून जास्त स्ट्रॉबेरी याच प्रांतातून येते. वाळूची जमीन, कोवळं ऊन, प्लास्टिकचे बोगदे आणि खालून उपसलेलं पाणी. शिवाय समुद्रकाठी मातालास्कान्यास ही सुट्टीवाल्यांची वसाहत आहे. तिच्या कूपनलिका उद्यानातल्या तळ्यांच्या अगदी जवळ आहेत. सगळ्यांचं पाणी एकाच वाळूतून येतं.

सर : पण २०२५ च्या मार्चमध्ये तिथे धो धो पाऊस झाला. पाणथळ भरली, फ्लेमिंगो उतरले. फोटो मीही पाहिले.

ती : पाणथळ भरली म्हणजे तळी भरली असं नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पाणथळीचा तळ चिकणमातीचा आहे. वरून पाऊस पडला, ओढे आले की ती भरते, उन्हाळ्यात आटते. ते तिचं हजारो वर्षांचं चक्र आहे. पण पश्चिमेच्या वाळूत जी शेकडो लहानमोठी तळी आहेत, ती म्हणजे भूजलच. वाळूतल्या पाण्याची पातळी जमिनीच्या खोलगटात उघडी पडली की तळं दिसतं. पातळी हातभर खाली गेली की तळं संपलं. सांता ओलाया हे त्यातलं सर्वांत मोठं, कायम पाणी असणारं तळं. २०२२ च्या उन्हाळ्यात ते कोरडं पडलं. पुढच्या दोन उन्हाळ्यांतही तेच. त्या कोरड्या वर्षांत तिथल्या जीवशास्त्र केंद्राचं म्हणणं होतं की मोठ्या तळ्यांपैकी निम्म्याहून अधिक २०१३ पासून तोवर एकदाही भरलेली नव्हती.

सर : तू स्वतः मोजलंयस?

ती : वाळूत नळ्या ठोकलेल्या असतात. आत फीत सोडायची, टोकाला एक लहान शोधक असतो. पाण्याला टेकला की वर टीऽऽ असा आवाज येतो. आवाज आला की फितीवरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. एका नळीत आम्ही फीत सोडत राहिलो, सोडत राहिलो, आणि आवाज आलाच नाही. नळीचा तळ लागला. पाणी त्याच्याही खाली गेलं होतं. नळीशेजारी बुचाचा मोठा ओक होता, वरच्या फांद्या वाळलेल्या. त्या जागेपासून यात्रेची वाट कित्येक किलोमीटर दूर आहे, सर. तिथे कुणी गाणं म्हटलं नव्हतं, शेरी प्यायली नव्हती. चाकाचा ओरखडाही नव्हता.

यावर सर गप्प राहिले नाहीत, आणि मला ते आवडलं. एका नुकसानीचा हिशेब मांडला म्हणून दुसरी माफ होत नाही, हे त्यांचं म्हणणं मलाही पटतं. यात्रेवर आज नियम आहेत. नदीपलीकडच्या सानलूकारची मंडळी तराफ्यावर ग्वादलक्विवीर ओलांडून थेट राष्ट्रीय उद्यानातून येतात. त्यांच्या वाहनांना परवाने लागतात, मुक्कामाच्या जागा ठरलेल्या असतात, विस्तवावर बंधनं असतात. दरवर्षी यात्रेपुरता स्वतंत्र बंदोबस्त आखला जातो. तरी कचरा राहतो, तुडवण होते. पण चाकाच्या खुणा पुढच्या पावसात बुजतात, उपसलेलं पाणी पावसागणिक परत येत नाही, हा तिचा मुद्दा मी खोडू शकत नाही.

सर : मला इतिहासातून सांग. ही यात्रा आणि हे रान एकमेकांचे लागतात तरी कोण?

ती : तुम्हीच सांगा, तुमचा विषय.

सर : बरं. तेराव्या शतकाच्या अखेरीस दहाव्या अल्फोन्सो राजाने या शिकारीच्या रानात मारियामातेचं लहानसं प्रार्थनाघर बांधलं. आख्यायिका अशी की पुढे एका शिकाऱ्याला झाडाच्या ढोलीत मूर्ती सापडली. तो ती जवळच्या अल्मोंते गावाला घेऊन निघाला, वाटेत झोप लागली, जागा झाला तर मूर्ती पुन्हा झाडात. म्हणजे तिने रानातच राहायचं ठरवलं. १६५३ मध्ये अल्मोंतेने तिला ग्राममाता मानलं, आणि सण पेन्टेकॉस्टला जोडला गेला. १७५५ च्या लिस्बनच्या भूकंपात तिचं घर पडलं, पुन्हा बांधलं. आजचं पांढरं चर्च विसाव्या शतकातलं. १९६९ च्या एप्रिलमध्ये त्याला आशीर्वाद मिळाला.

ती : आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय उद्यानाचा हुकूम निघाला. एका वर्षात दोन्ही.

सर : योगायोग.

ती : योगायोगच. पण एकाच मुलखाला त्या वर्षी दोन रखवालदार मिळाले. मूर्तीला रानातच राहायचं आहे, असं सांगणारी गोष्ट जिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, तिथल्या माणसाला रान म्हणजे परकी जागा वाटत नाही. जूनच्या २६ तारखेला पाणथळीतल्या अर्धरानटी घोड्या पिल्लांसकट हाकत आणतात, चर्चसमोरून नेतात, मग अल्मोंतेला. ही प्रथा १५०४ पासूनची. घोडी, गुरं, मध, पाइनच्या बिया, कोळसा, सगळ्यावर माणसं जगली. दोन्याना म्हणजे कुणी कधी पाय न ठेवलेलं रान नव्हे.

सर : पण एक सांग. विसाव्या शतकात ही पाणथळ निचरा करून शेतीला घ्यायची चालली होती. वाचवली कुणी? भक्तांनी?

ती : नाही.

सर : मग?

ती : होसे आंतोनिओ वाल्वेर्दे नावाच्या जीवशास्त्रज्ञाने. तो युरोपभर पत्रं लिहीत सुटला. नव्याने उभ्या राहिलेल्या जागतिक वन्यजीव निधीने स्पेन सरकारबरोबर पैसे घालून साठच्या दशकात सुमारे सात हजार हेक्टर जमीन विकत घेतली. त्यातून राखीव क्षेत्र आणि संशोधन केंद्र उभं राहिलं, आणि मग उद्यान.

सर : म्हणजे लाखो भक्त असताना पाणथळ वाचवायला मूठभर पक्षीवाले लागले. तू ज्या रखवालदारांचं कौतुक करतेस, ते त्या वेळी कुठे होते?

वादात इथे ती थोडा वेळ अडली. मग तिने रोख बदलून एक नदी पुढे आणली.

ती : ग्वादिआमार. सेव्हिलच्या त्रियाना भागातली आणि आणखी बऱ्याच गावांची मंडळी या नदीचा केमाचा उतार ओलांडून येतात. मी एकदा तिथे उभी होते. पाणी मांडीपर्यंतही नाही, गढूळ. बैल आधी बिचकतात, मग गाडीवान त्यांच्याशी बोलत बोलत पाण्यात घालतो. गाडीत त्या त्या गावच्या यात्रा-संघटनेचा मारियामातेचा झेंडा असतो. गाडी मधोमध थांबते, सगळे पाण्यात उभे राहून प्रार्थना म्हणतात. जो पहिल्यांदा आलाय त्याच्या डोक्यावर कुणीतरी टोपीत पाणी भरून ओततं आणि त्याला यात्रेतलं नवं नाव देतं. माझ्या शेजारी साठीच्या एका बाई होत्या, पहिलीच खेप; पाणी गळ्यावरून ओघळतंय आणि त्या रडतायत. मला आमच्या आळंदीकडची इंद्रायणी आठवली. पाणी घाण आहे हे ठाऊक असतं आणि तरी माणूस ते डोक्याला लावतो.

सर : आणि याच नदीत खाणीचा गाळ आला होता ना?

ती : १९९८ च्या २५ एप्रिलला. वर आस्नालकोयारला धातूची खाण होती, तिच्या गाळाच्या तलावाचा बांध फुटला. लाखो घनमीटर आम्लाचं पाणी आणि जड धातूंचा गाळ ग्वादिआमारमधून खाली आला. घाईने बांध घालून तो उद्यानाच्या उंबरठ्यावर वळवला. पेन्टेकॉस्ट त्या वर्षी ३१ मेला होता. ज्या पाण्यात बाप्तिस्म्यासारखा विधी करायचा, त्याच नदीकाठचा काळा गाळ यंत्रांनी खरवडून काढावा लागला. आता खाणीखालच्या त्या पट्ट्यात शेती बंद आहे, झाडं लावली आहेत, हिरवा दुवा म्हणून तो राखलाय. नदीला काय झालं हे तिथल्या यात्रेकरूला शिकवावं लागत नाही. भूजलाबद्दल मात्र शिकवावं लागतं. ते दिसत नाही, त्याला उतार नाही, त्यात कुणी उभं राहत नाही. म्हणून मला ही यात्रा हवी आहे. दहा लाख माणसं एका पाण्याच्या काठावर दरवर्षी स्वतःहून येतात. माझं कुठलं शास्त्र एवढी माणसं गोळा करणार आहे?

सर : आता तू श्रद्धेचा उपयोग करायला निघालीस.

ती : उपयोग म्हणा.

सर : श्रद्धा हे अवजार नव्हे. आणि तुझी अडचण वेगळीच आहे. त्या स्ट्रॉबेरी कुणाच्या?

हा प्रश्न सरांनी फार शांतपणे विचारला, आणि माझ्या मते सगळ्या वादाचं मर्म इथे आहे. उद्यानाच्या उत्तरेच्या सिंचनाला शिस्त लावण्यासाठी २०१४ मध्ये जो आराखडा झाला, त्यात पाच गावांची हद्द येते. यात्रेचं यजमानपद ज्या अल्मोंतेकडे आहे ते एक. मोगेर, बोनारेस, रोसियाना ही त्यांतली आणखी काही. या सगळ्या गावांत रोसीओच्या बंधुसंघटना आहेत. मूर्ती खांद्यावर घेण्याचा मान अल्मोंतेकरांचा. पेन्टेकॉस्टनंतरच्या सोमवारी पहाटे तिथली तरुण पोरं चर्चमधलं जाळीचं कुंपण उडी मारून ओलांडतात आणि मूर्ती बाहेर काढतात. त्या खांद्यांतले कितीतरी खांदे शेतकरी घरांतले असणार.

ती : सर, सगळे शेतकरी चोर नाहीत. परवान्याने पाणी घेणारे पुष्कळ आहेत आणि बेकायदा विहिरींचा फटका आधी त्यांनाच बसतो. आणि हंगामात ती फळं खुडायला मोरोक्कोतून बायका येतात, त्यांचंही पोट त्याच पाण्यावर आहे.

सर : मान्य. पण २०२१ च्या जूनमध्ये युरोपीय न्यायालयाने स्पेनला दोषी धरलं ते याच उपशासाठी. आणि त्यानंतर तिथल्या प्रादेशिक सरकारने काय केलं? आराखड्याबाहेर राहिलेल्या शेतीला आत घ्यायचा कायदा आणायला निघाले.

ती : तो मागे घेतला. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये मद्रिदचं केंद्र सरकार आणि आंदालुसियाचं प्रादेशिक सरकार यांच्यात करार झाला, १४० कोटी युरोंचा. शेतकऱ्याने सिंचन सोडलं, रान वाढू दिलं तर भरपाई. विहिरी बुजवणं चालू आहे. हळू आहे, पण चालू आहे.

सर : तुला आमच्या वसईचं सांगतो. तू तेव्हा लहान होतीस. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आमच्या विहिरींचं पाणी टँकरने बाहेर जायला लागलं. बिल्डर जमिनी मागत होते. विहिरी खाऱ्या व्हायला लागल्या, केळीच्या बागा, पानवेली, फुलं, सगळ्यांवर टाच. फादर फ्रान्सिस दिब्रिटो उभे राहिले, हरित वसईची चळवळ झाली. झगा घातलेला धर्मगुरू रस्त्यावर उतरला, आणि त्याच्यामागे नुसते ख्रिस्ती नव्हते, सगळी वसई होती. तेव्हा कुणी श्रद्धेचा उपयोग केला नाही. विहीर आणि वेदी आम्हाला वेगळ्या वाटल्याच नाहीत.

ती : मग मी दुसरं काय म्हणतेय?

सर : ऐक ना. फरक कुठे आहे तो बघ. आमच्याकडे पाणी उपसलं की आमचीच बाग मरत होती. उपसणारा आणि मरणारा वेगळे होते. अल्मोंतेत पाणी उपसलं की उपसणाऱ्याची बाग फुलते. मरतं ते तळं, मरतो तो ओक. आमचा राग आमच्या पोटातून आला होता. त्यांचं पोट उलट दिशेला आहे. तिथे धर्मगुरूला आपल्याच कळपाला सांगावं लागेल की तुझ्या ताटातली स्ट्रॉबेरी कुणाच्या पाण्यातून आली. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या परिपत्रकात निसर्गाबद्दल सगळं लिहून ठेवलंय, पण ते वाचून दाखवायला घशात बळ लागतं.

यावर तिच्याकडे तयार उत्तर नव्हतं. गर्दीबद्दल मी तिच्या बाजूचा आहे: दहा लाख माणसांच्या आठवड्याला दोन्यानाचा शत्रू ठरवणं सोपं आहे, कारण ती माणसं दिसतात, आणि त्या सोपेपणामुळे विहिरींकडचं लक्ष उडतं. पण वसई आणि अल्मोंते यांतला जो फरक सरांनी दाखवला, तो ओलांडल्याशिवाय तिची आशा जमिनीवर उतरत नाही. रोसीओच्या चर्चमधून बाहेर पडलं की समोरच पाणी दिसतं. तिथे येणारा ला रोसीना ओढा बराचसा भूजलावर वाहतो, आणि तो भूजलाचा साठा धोक्यात असल्याचं नदी खोऱ्याच्या प्राधिकरणाने २०२० मध्ये जाहीर केलं. मूर्तीला ज्या पाण्याकाठी राहायचं आहे, त्याच पाण्याचा हा प्रश्न आहे.

ती : दर सात वर्षांनी मूर्तीला रोसीओहून अल्मोंतेला नेतात. रात्रभर, खांद्यावर, पंधरा किलोमीटर. धूळ बसू नये म्हणून चेहरा झाकलेला, आणि उजाडताना तो उघडतात. २०१९ नंतरची पाळी २०२६ ची. ती वाट याच भूजलावरून जाते. मला वाटतं, एकदा त्या वाटेवर ठिकठिकाणी पाट्या लावाव्यात: इथे पाणी किती खाली गेलंय.

सर : पाट्या नकोत. त्या रात्री माणूस हिशेब करायला निघालेला नसतो, त्याला तसा पकडू नये. संघटनेच्या वार्षिक सभेत विचारा. तिथे वर्गणीचा हिशेब होतो, बैलांच्या भाड्याचा होतो. तिथेच विचारा, आपल्यापैकी किती जणांच्या विहिरींना परवाना आहे.

ती : माझ्या तिथल्या एका सहकाऱ्याचे वडील एका गावच्या संघटनेत आहेत. चाळीस वर्षं चालतायत यात्रेला. त्यांना विचारते.

सर : त्यांची शेती आहे?

ती : आहे. दोन विहिरी आहेत. एकीला परवाना आहे.